दगडाशेजारचा हात

पहिल्याच भेटीत बळीरामनं प्रेमिलाच्या पायावर समुद्र टाकला. म्हणजे तसा दगडच, पण समुद्राचं तिला नंतर कळलं. तेव्हा फक्त गोणपाट फाटलं, दगड घसरला आणि तिच्या चपलेचा अंगठा तुटला.

"लागलं का वं... माफ करा, लागलं का तुमाले?"

"मले नाही लागलं. दगडाले पाहा आधी, तुमचा जीव तिथंच अडकून राहिला!"

खरंच होतं ते. काटोलच्या संत्रेवाल्याचा हा पोरगा नर्मदेकडचे खडक गोळा करून नागपूरच्या कॉलेजात संशोधन करत होता. आणि त्याच्या लेखातल्या आकृत्या शाईनं काढायच्या होत्या भूशास्त्र विभागातल्या ट्रेसरनं, म्हणजे प्रेमिलानंच.

दगडात बोटाएवढ्या जाड, फांद्या फुटलेल्या नळ्या होत्या.

"बिळं आहेत," तो म्हणाला. "तिकडं कोट्यवधी वर्षांआधी उथळ समुद्र होता. झिंग्यासारखा कोणी वाळूत घर करून राहिला. लाटा जोरात असल्या की उभं खणे, पाणी शांत झालं की आडवं पसरे. तो गेला, बीळ वाळूनं भरलं, त्याचा दगड झाला. कोण होता ते नक्की नाही समजत. पण कसा राहिला, ते सारं दिसते."

त्या दिवसापासून प्रेमिलाचं निम्मं लक्ष दाराकडे असायचं. तो यायचा, शाईपासून चार हात दूर बसून संत्रं सोलायचा, अर्धं तिच्यापुढे सरकवायचा. बोलायचा मात्र बिळांबद्दलच!

डिसेंबरात तो पुन्हा नर्मदेकडे गेला. परतला तो फोटो घेऊन. प्रेमिलानं ते एकेक करून पाहिले. प्रत्येक फोटोत बिळाशेजारी एक गोरा हात होता. नाजूक. हिरव्या बांगड्यांचा. त्याच्याबरोबर संशोधन करणाऱ्या चारुशीलाचा.

फोटोत माप लागतं, हे प्रेमिलाला ठाऊक होतं. नाहीतर बीळ बोटाएवढं की पाइपाएवढं, कळणार कसं? पण मापाला नाणं चालतं, पेन चालतो. हातच काहून? त्यात चारुशीला येऊन गोड हसून म्हणाली, "किती सुरेख काढता हो तुम्ही!" वाईट वागली असती तर बरं झालं असतं. निदान तिचा मनसोक्त राग तरी करता आला असता.

प्रेमिलानं बिळं जीव ओतून काढली. हात मात्र गाळला. एकूण एक आकृतीतून.

मार्गदर्शक सरांनी माप नाही म्हणून आकृत्या परत पाठवल्या. बळीराम त्या घेऊन धावत आला.

"हात कुठं गेला?"

"मले वाटलं, तो मापासाठी नव्हता ठेवला."

"मंग कशासाठी? फुटपट्टी नदीत पडली. चारुशीला बाजूले होती, म्हटलं ठेव हात."

"आणि तिनं ठेवला! हिरव्या बांगड्या घालून!"

"बांगड्या?" त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला. "हो की... होत्या."

"दिसलं नाही तुमाले? तुमाले दगडाबाहेरचं दिसते तरी का काही?"

तो खाली पाहत म्हणाला, "तुह्या डाव्या पायातली चप्पल. पट्टा निळा आहे. अंगठा काळ्या दोऱ्यानं शिवला, मोच्याले निळा नसंल भेटला... येता-जाता पाहून राहिलो मी. वाटते, माह्यामुळं तुटली."

प्रेमिलानं पाय टेबलाखाली ओढून घेतला. राग कुठे गेला, तिचं तिलाच कळेना.

तिनं कपाटातून तोच पहिला दगड काढला आणि बिळांशेजारी आपला डावा हात पसरला. सावळा, बोटांना शाई लागलेला. बळीरामनं फुटपट्टी लावली. उजव्या हातानं तिनं आपलाच डावा हात कागदावर उतरवला, एकेक पेर मापून.

"खाली काय लिहू? मापासाठी हात, कुमारी प्रेमिला..."

"कुमारी नको लिहू."

"काहून?"

"छापून यायले वर्ष तरी लागते..." तो फुटपट्टीलाच सांगितल्यासारखा म्हणाला. "तवरोक ते खोटं ठरावं, असं वाटते मले."

प्रेमिलानं टाक दौतीत बुडवला. 'मापासाठी हात : प्रेमिला' एवढंच लिहिलं, आणि पुढे आडनावापुरती जागा मोकळी सोडली.