फिशटँकची पातळी

आमचं घर राहात्यात, बाजार समितीच्या मागच्या गल्लीत. मी शिर्डीच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. माझे मिस्टर, जॉन, तिथल्याच एका हॉटेलात रिसेप्शनला असतात. हॉलमध्ये खिडकीखाली त्यांचा फिशटँक होता. एप्रिल लागला की त्यातलं पाणी उडून जायचं. सकाळी भरावं तर संध्याकाळी बोटभर खाली. रोज तांब्याने भर घालायचा जॉनना कंटाळा आला. मग त्यांनी शेजारच्या कपाटावर पाण्याचा कॅन ठेवला, त्यातून बारीक नळी आणली आणि टँकमध्ये, कूलरला असतो तसा, छोटा फ्लोट बसवला. पाणी उतरलं की फ्लोट खाली येणार आणि कॅनमधून तेवढीच भर पडणार.

"आता बघायलाच नको," ते म्हणाले.

मी मात्र बघत होते. सुरुवातीला कॅन उतरत गेला. मग उतरायचा थांबला. टँक भरलेला, आणि कॅन जसाच्या तसा.

"हवेत दमटपणा असेल," ते म्हणाले. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं.

त्याच सुमारास त्यांना तहान लागायला लागली. जेवताना, टीव्ही बघताना, सारखा ग्लास हातात. तरी ओठ फुटले. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी राहायची. अंगातलं पाणी कमी झाल्याचं हे लक्षण मी रोज बघते. शुगर तपासली, किडनीच्या टेस्ट केल्या. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ऊन आहे, पाणी पीत राहा.

हॉलमध्ये इतर गोष्टीही सुकत होत्या. येशूच्या फोटोपुढच्या फुलदाणीतलं पाणी दुपारपर्यंत संपायचं. टेबलावर ओल्या फडक्याखाली ठेवलेल्या कणकेला भेगा पडल्या. मी तिथे भाजी निवडायला बसले की जीभ टाळूला चिकटायची. स्वयंपाकघरात गेले की बरं वाटायचं. मला घरात एका जागी बसवेना.

शेजारच्या कडूबाई ताक घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"जॉनभाऊ लई वाळलेत गं," त्या हळूच म्हणाल्या. "मासे मातर चांगले गुबगुबीत झाल्यात."

मी नळीचा कॉक बंद केला. टँक भरलेलाच राहिला. मग नळी काढली आणि कॅन अंगणात नेऊन ठेवला. फ्लोट तरी मधूनमधून वाजायचा. टक. भर पडताना वाजायचा, तसा.

"अहो, तिथे टँकजवळ बसू नका ना."

"मी कुठं बसतोय? आत्ताच तर आलो."

ते सकाळपासून तिथेच होते. ड्यूटीला गेलेच नव्हते.

एका दुपारी त्यांना खुर्चीतून उठता येईना. डोळे आत गेलेले, बोलताना शब्द चिकटत होते. मला एकटीला ते उचलवेनात. डॉक्टरांना फोन केला. ॲम्ब्युलन्स पाठवतो, तोवर सलाईन लाव, म्हणाले. घरात बाटली होती. ती खिडकीच्या गजाला अडकवली, सुई लावली आणि नाडी धरून बसले. नाडी सुधारायला हवी होती. ती आणखी क्षीण होत गेली.

टक.

मी वर पाहिलं. बाटलीखालच्या नळीत थेंब पडला.

टक.

पुढचा थेंब. टक.

टँकचं पाणी काठावर आलं होतं. पाहता पाहता काचेवरून ओघळलं. मी त्याला बोट लावलं, जिभेवर टेकवलं.

खारट.

सगळे मासे जॉनच्या बाजूच्या काचेला तोंड लावून स्थिर होते.

मी सुई उपसली. स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि काच फोडली.

पाणी हॉलभर पसरलं. जॉननी मोठा श्वास घेतला, बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा. आवाज ऐकून कडूबाई धावत आल्या, तडफडणारे मासे बादलीत घेऊन गेल्या. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा जॉन खुर्चीत ताठ बसून होते आणि मला विचारत होते, "काय झालं गं? रडतेस का?"

दवाखान्यातून सोडल्यावर मी त्यांना नेवाशाला, माझ्या भाऊ-वहिनीकडे घेऊन गेले. तिथे ते भराभर सुधारले. गाल भरले, कातडी तुकतुकीत झाली. पाणी मात्र मागेनासे झाले. ग्लास पुढे केला की म्हणायचे, "नको. आहे भरपूर."

परवा ते हौसेने प्रार्थनावहिनींना कांदे चिरून देत होते. डोळ्यांतून घळघळ पाणी वाहायला लागलं, तशा वहिनी हसल्या, मीही हसले. कितीतरी दिवसांनी हसले. जवळ जाऊन बोटाने त्यांचा गाल पुसला.

थेंब गार होता. उजेडात बोट धरून पाहिलं. त्यात शेवाळाचा एक बारीक हिरवा तंतू हळूहळू उलगडत होता.