आसरेचा गुलाबी दगड

"ओ पावणं! एवढं वाकून काय बघताय? आत पडलात तर काढायला क्रेन न्हाई आमच्याकडं!"

विहिरीवर ओणवा झालेला तो माणूस दचकला आणि त्याच्या हातातलं भिंगच आत पडलं. मग हसला. अगं बाई... काय गोड हसला! मी उगाचच ओढणी सारखी केली.

ऋतिक त्याचं नाव. पुण्यात दगडांवर संशोधन करायचा. बोरीतल्या आमच्या नव्या विहिरीत सुरुंग लावला, तेव्हा खडकाच्या पोकळीत गुलाबी स्फटिक निघाले होते. त्यांचा चुरा त्याच्यापर्यंत पोचला, आणि त्यात दुर्मिळ मृदा धातू सापडले. मोबाईलमध्ये लागतात म्हणे ते.

"हे खनिज आजवर कुणी पाहिलेलंच नसेल," तो म्हणाला. "पण आतले अणू कसे बसलेत ते दाखवल्याशिवाय कुणी मानणार नाही. त्यासाठी अखंड स्फटिक हवा."

"अणू बसतात व्हय? पाट मांडून?"

"रांगा धरून. एकमेकांना घट्ट धरून..."

असं म्हणून माझ्याकडं बघितलं की हो त्यानं! माझे कान गरम झाले.

अखंड स्फटिक एकच उरला होता. आणि त्याला आईनं शेंदूर फासून विहिरीवर आसरा म्हणून बसवलं होतं. पाण्याची देवी ती. नव्या विहिरीवर आमच्यात बसवतातच.

"मिठाच्या खड्याएवढा तुकडा दिलात तरी चालेल," ऋतिक अजिजीनं म्हणाला.

"देवी खंडित करायची? लई शिकलात बाबा!" आई कडाडली. मग त्याचा पडलेला चेहरा बघून विरघळली. "कौल लावू. कळी उजवीकडं पडली तर अख्खी न्या. डावीकडं पडली तर पुन्हा कवातरी इचारायला या."

आईनं मोगऱ्याची ओली कळी दगडावर चिकटवली. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. उसातून वारा येत होता, विहिरीतलं ऊन त्याच्या चेहऱ्यावर हलत होतं... वाटलं, ही कळी पडूच नये. संध्याकाळपर्यंत असंच बसावं.

कळी कलली — डावीकडं! म्हणजे तो परत येणार, पुन्हा पुन्हा येणार... पण त्याचे ओठ कोरडे पडले होते. सगळी मेहनत त्या एवढ्याशा कळीवर टांगलेली. आईचे डोळे मिटलेले होते. मी हळूच फुंकर मारली.

कळी उजवीकडं पडली.

त्यानं मला फुंकर मारताना बघितलं होतं. दगड घेऊन गेला, आणि मी गोठ्यात जाऊन पोटभर रडले. कशाला मारलीस गं फुंकर, बये!

दसऱ्याच्या सुमाराला त्याची मोटारसायकल दारात आली.

"हर्षाली, जमलं! अणूंची सगळी रचना उलगडली. नवंच खनिज आहे, मान्य झालं!" मग अडखळला. "नाव सुचवायचा मान मला आहे. जिवंत माणसाचं नाव द्यायचं तर परवानगी लागते... तुमची मिळेल?"

"न्हाई."

त्याचा चेहरा उतरला.

"दगडाला गावाचं नाव द्या," मी म्हटलं. "माझं नाव... तुमच्या रेशनकार्डावर घाला. त्याची परवानगी देते."

अणूंवर तासभर बोलणारा माणूस तो, आता नुसता दारातून आत डोकावायला लागला.

"आई... आई कुठायत?"

"चुलीपाशी."

बूट काढायचंही विसरून तो आत पळाला.