दाराबाहेरची बादली

"आई, पुरे झालं आता तुझं सोवळं!" वेदिकाने हरीच्या हातातली भाजीची पिशवी घेतली आणि ती प्रेमाकडे वळली. "नुसती भाजी घेऊन आलेत अण्णा, तरी आंघोळीशिवाय घरात बसायचं नाही... लहानपणी मला त्यांच्या मांडीवरसुद्धा बसू दिलं नाहीस. माझ्या स्वतःच्या बापाच्या!"

प्रेमाने प्लास्टरमधला हात छातीशी धरला. मोरीपाशी नुसता पाय अडखळला, तेवढ्यावर मनगट मोडलं होतं. तिने हरीकडे पाहिलं. तो गप्पच राहिला... आणि त्याचं ते मौनच तिचं अंतःकरण जाळत गेलं, कारण त्याला सगळं ठाऊक होतं!

होसकोट्याच्या एका बॅटरी कारखान्यात हरीचा सारा जन्म शिशाच्या पत्र्यांत गेला. तिथे न्हाणीघर होतं; पण आंघोळ करत बसलं की येलहंक्याची, घराकडची बस निघून जाई, म्हणून तो करड्या धुळीने माखलेल्या कपड्यांतच घरी येई. त्याच्याच शिफ्टमधल्या संताजीचा बोलका मुलगा हळूहळू मंद होत गेला, डॉक्टरांनी बापाच्या कपड्यांवरच्या धुळीकडे बोट दाखवलं, आणि प्रेमाने दाराबाहेर बादली ठेवली. हरीचे कपडे तिथेच उतरत, ती ते झटकून, वेगळे, स्वतःच्या हातांनी धुई. तो निवृत्त झाला तरी आंघोळीचा तिचा आग्रह सुटला नाही. हरीने एकच मागितलं होतं, "पोरीला सांगू नकोस. माझ्याजवळ यायला घाबरेल ती..." आणि त्या एका वाक्यासाठी तिने कजाग आईचा कलंक आयुष्यभर कपाळी घेतला!

एवढ्याशाने हाड कसं मोडलं म्हणून वेदिकाने आईचं रक्त आपल्या प्रयोगशाळेत तपासायला नेलं. पुढच्या आठवड्यात ती तिथून आली ती चप्पल न काढताच.

"अण्णा, आईच्या रक्तात शिसं निघालंय. कारखान्यात तुम्ही होतात की ती?"

"काहीतरी चूक असेल..."

"चूक नाही! शिसं आणि कॅल्शियम यांत शरीराची गल्लत होते. ते हाडांत जाऊन बसतं, वयाबरोबर साठत जातं. म्हातारपणी हाडं झिजली की पुन्हा रक्तात उतरतं. हे आजचं नाही, अण्णा. आईच्या तरुणपणीचं आहे."

"म्हणजे... तुलाही?" हरी ताडकन उठला.

"लहान मुलांची हाडं मोठ्यांइतकं धरून ठेवत नाहीत, जास्त विष मेंदूपर्यंत जातं. म्हणून मी माझा दुधाचा दात तपासला."

पडलेला दात कौलांवर टाकायचा, पण फ्लॅटला कौलं नव्हती, म्हणून तो प्रेमाने कापसात गुंडाळून बाटलीत जपला होता.

"दातात लहानपण तसंच राहतं. माझ्या दातात शिसं जवळजवळ नाहीच! का नाही, अण्णा?"

हरीची मान खाली गेली. "तुझ्या आईने ती धूळ घरात येऊ दिली नाही, माझे कपडे बाहेरच धुतले... आणि गप्प राहायला मी सांगितलं होतं."

"आणि मी तिला टाकून बोलत होते, तेव्हा तुम्ही ऐकत बसलात?"

"तू थांब, वेदू!" प्रेमा उभी राहिली. इतक्या वर्षांचा गिळलेला संताप उसळून आला. "आता मी बोलणार! पाहुण्यांसमोर 'आमच्या हिचं सोवळं' म्हणून तुम्ही हसायचात... हसायचात हो तुम्ही! तुमची बस चुकू नये म्हणून माझी हाडं गेली, आणि लेक मला वैरीण समजत राहिली! एकदा, फक्त एकदा तिला खरं सांगायला तुमची जीभ का उचलली नाही?"

वेदिका हुंदका देत आईच्या पायांशी बसली. "आई, मला क्षमा..."

"ऊठ. पायांशी नको." प्रेमाने खाली बसून मांडी घातली. "इथे ये."

लेकीचं डोकं मांडीवर टेकलं, तेव्हा प्रेमाच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले. पण हरीकडे मात्र तिने पाहिलं नाही.

थोड्या वेळाने दाराबाहेर पाण्याचा आवाज आला. जुनी बादली काढून हरी प्रेमाची साडी धूत बसला होता. जिन्यावरून जाणारी शेजारीण थबकली.

"काय अण्णा, मशीन बिघडली?"

"मशीन बरी आहे, अक्का," तो वर न पाहता म्हणाला. "माणूस बिघडलेलं होतं."

"नुसतं बोलू नका, पाणी दोनदा बदला!" आतून प्रेमा कडाडली.

हरीने मुकाट्याने बादली उपडी केली आणि पुन्हा नळाखाली धरली.