समोरासमोरचे दोन गाळे

सावेडीच्या व्यापारी संकुलात सायंकाळी सातला बैठक होती. आवेजचा गाळा राहणार की जाणार, हे तीत ठरणार होते. दुपारीच तो खासगी तपासनीस यशोधरा साळवे यांच्याकडे आला. त्यांचे सहायक काकासाहेब शेजारी बसले होते.

"मी वापरलेले व्हिडिओ गेम विकतो, ताई. समोरचा कल्याण नवे विकतो. त्याचा एक गेम माझ्या कपाटात सापडला. रविवारी मी त्याच्या दुकानातून उचलला, म्हणतो."

"गेला होतास?"

"भाव बघायला. पण हा खोका मंगळवारी एका गिऱ्हाइकाकडून घेतला. वाढदिवसाला दोन सारखे आले, म्हणाला. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं."

खोका संकुलाचे अध्यक्ष हनुमंतराव यांच्याकडे होता. वेष्टनावर कल्याणच्या दुकानाची किमतीची पट्टी होती: तीन हजार चारशे नव्व्याण्णव.

"पट्टी त्याचीच हाय," काकासाहेब पुटपुटले. "आता काय राहिलं?"

कल्याण आपल्या दुकानात ताठ उभा राहून बोलला. "रविवारी दुकान बंद करताना खोके मोजले, एक कमी. त्यानंतर हा आवेज इकडे फिरकलेला नाही. मी नवा गेम आणायचा आणि पंधरा दिवसांत तोच याच्याकडे अडीच हजारांत. गिऱ्हाइकं माझ्याकडून पिशवी उचलतात अन् गप्पांना याच्याकडे बसतात."

त्याच्या दुकानातली स्नेहल म्हणाली, "दादांचं अर्धं लक्ष समोरच असतं. सोमवारी आवेजभाईंकडे या गेमची पहिली जुनी प्रत लागली. तासाभरात आमच्या सगळ्या खोक्यांवरची किंमत पाचशेनं उतरवली."

बैठकीत यशोधराबाईंनी खोका टेबलावर ठेवला.

"रविवारी याची किंमत तीन हजार नऊशे नव्व्याण्णव होती. पट्टीवर सोमवारी उतरवलेली किंमत आहे. म्हणजे सोमवारी खोका कल्याणरावांच्याच दुकानात होता, आणि रविवारनंतर आवेज तेथे गेलेला नाही, हे त्यांचेच म्हणणे. मग रविवारी एक कमी भरल्याची थाप आवेजला अडकवू पाहणाऱ्यालाच उपयोगी. मंगळवारी खोका विकायला आलेले गिऱ्हाईकही त्यांनीच धाडले."

"मग पट्टी काढून का न्हाई टाकली?" काकासाहेबांनी विचारले.

"तिच्यावाचून खोका त्यांचा ठरला नसता."

कल्याणने ते कबूल केले.

"मग गाळा ह्याचाच काढू," हनुमंतराव म्हणाले. "काय रं आवेज?"

"नको, काका. त्याच्याकडून नवे गेले नाहीत तर माझ्याकडे जुने येणार कुठून? आणि लोक त्याला साडेतीन हजार देतात, ते निम्मे माझ्याकडे परत मिळतील म्हणूनच."

सभेने मान डोलावली. कल्याणचा गाळा वाचला. परंतु तो आवेजच्या शब्दावर वाचावा, हे त्याला गाळा जाण्याहून जड गेले.