आतून एक ठोका

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी कागद कारखान्याचं दोन नंबरचं मशीन सुरू व्हायला हवं होतं. ते झालं नाही. कंट्रोल रूमच्या पडद्यावर एकच ओळ आली: आत माणूस आहे.

आत कोणी नव्हतं. फिटर नुकताच बाहेर आला होता, चिंधीने हात पुसत उभा होता, आणि आत गेलेला तो एकटाच होता.

दोन नंबरचं मशीन म्हणजे पत्र्याची एक लांबच लांब खोली. आत माणसाच्या उंचीचे पोकळ रोलर, एकावर एक, दोन रांगांत. रोलरांमध्ये वाफ सोडतात आणि ओला कागद त्यांच्यावरून फिरत फिरत वाळतो. मशीन बंद असलं तरी आतली ऊब दिवसभर जात नाही. बेअरिंग बदलायचं तर दोन रोलरांच्या मधल्या फटीत आडवं होऊन शिरावं लागतं. तिथे शिरलेला माणूस बाहेरून दिसत नाही.

म्हणून एक जुनी रीत होती. मशीन सुरू करण्याआधी फिटरने चौकटीवर पाना दोनदा ठोकायचा. आत कोणी राहिलं असेल तर त्याने एकदा ठोकायचं. उत्तर आलं नाही, की भोंगा द्यायचा आणि मशीन सोडायचं. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती, पण ती मोडणाऱ्याच्या हातचं पाणी कोणी प्यालं नसतं.

मग नवी यंत्रणा आली. रुपयाएवढ्या चकत्या प्रत्येक बेअरिंगवर चिकटल्या. त्या थरथर मोजायच्या, आवाज ऐकायच्या, आणि कुठलं बेअरिंग कधी जाणार ते आठवडाभर आधी सांगायच्या. कामगार तिला ज्योतिषी म्हणत. तिला शिकवलं कानसेनने. तो सगळ्यांत जुना फिटर. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावली की त्याला पोटातलं दुखणं कळायचं. सहा महिने त्याने छातीवर माइक लावून जे ऐकू येईल ते बोलून दाखवलं.

‘‘काका, कान तर देऊन टाकलेत,’’ पोरं चिडवायची. ‘‘आता चष्मा कुठे अडकवणार?’’

‘‘तुझ्या नाकावर,’’ कानसेन म्हणायचा. ‘‘ते तरी कुठे कामात खुपसतोस?’’

शिकवणं संपलं आणि कानसेनला घरी पाठवलं. त्याच्यामागे बाकीचे गेले. आता दोन फिटर उरले होते, त्यांतला एक ठेवायचा होता, आणि कोणता ते याच आठवड्यात ठरणार होतं. दुसरा रजेवर होता. फिटरला वाटत होतं, नशीब असंच साथ देतं कधी कधी.

‘‘दाजी, आत काही विसरलात का?’’ कंट्रोल रूमच्या दारातून मेहुण्याने विचारलं. फिटरच्या बायकोचा हा धाकटा भाऊ मशीन चालवायचा. बोलायला तोंडाळ, पण भित्रा.

‘‘विसरायला काय, डबा आहे का तो? बेअरिंग बदललं, बाहेर आलो.’’

‘‘मग हा माणूस कुठला म्हणतोय ज्योतिषी?’’

‘‘का म्हणतोय, ते काही लिहिलंय?’’

मेहुण्याने वाचून सांगितलं. दोन ठोके, त्यानंतर एक ठोका.

दोन ठोके फिटरनेच दिले होते. रीत बंद झाली होती, पण हाताची सवय जात नाही. उत्तर मात्र त्याने ऐकलं नव्हतं.

दोघांनी सगळी झाकणं उघडली. बॅटरी घेऊन फिटर या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत गेला. कागदाचे करपलेले तुकडे, थेंब थेंब गळणारं पाणी, स्वतःच्याच कोपरांचे ठसे. पाळीतली माणसं बाहेर रांगेत उभी करून मोजली. सगळी होती.

‘‘उंदीर असेल,’’ मेहुणा म्हणाला.

‘‘तुझ्या उंदराला मोजता येतं वाटतं.’’

मेहुणा वर गेल्यावर फिटरने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. टोक चौकटीला लावलं, मूठ कानाला. दुसऱ्या हाताने पाना दोनदा ठोकला.

आधी नुसती वाफेची सळसळ आली.

मग एक ठोका.

लोखंडावर लोखंड आपटलं की आवाज कानाला टोचतो. हा टोचला नाही. लाकडावर काहीतरी टेकवल्यासारखा तो होता. सावकाश, समजुतीने दिलेला.

त्याने पुन्हा ठोकून पाहिलं नाही.

तेवढ्यात साहेब आले. ते ओरडणारे नव्हते. त्यांनी उघडी झाकणं पाहिली, घड्याळ पाहिलं.

‘‘सापडलं कोणी?’’

‘‘नाही, साहेब.’’

‘‘मग यंत्रणेला तसं सांगा. तुम्ही आत जाऊन आलात, तुमचाच अंगठा चालेल.’’

‘‘साहेब, एक दिवस थांबलो तर? रोलर उतरवून बघतो.’’

‘‘एक दिवस?’’ साहेबांचा आवाज आणखी खाली आला. ‘‘हे बघा, मला वर एक नाव कळवायचंय. आपलं माणूस यंत्रणेबरोबर काम करू शकतं, एवढंच त्यांना बघायचंय. तुम्ही शहाणे आहात.’’

फिटरला घर आठवलं. मुलीच्या कॉलेजचं पहिलंच वर्ष. ऐकलेला ठोका जिभेवर आला होता, तो त्याने गिळला.

पडद्यावर प्रश्न होता: आत कोणी नाही, याची खात्री आहे? त्याने काचेवर अंगठा ठेवला.

भोंगा झाला. रोलर हलले. पहिल्या फेऱ्याला मशीन किंचित अडखळलं, घशात काही अडकावं तसं. मग गुळगुळीत फिरू लागलं.

‘‘बघा,’’ साहेब म्हणाले.

दुपारी पाळी सुटल्यावर फिटर घरी गेला नाही. तो कानसेनकडे गेला. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. कानसेनच्या मुलीने दार उघडलं.

‘‘या दादा. बरं झालं आलात. बाबांना कोणी भेटायलाच येत नाही.’’

‘‘फोन लागत नव्हता, म्हणून म्हटलं...’’

‘‘बोलतच नाहीत ते. घरी बसल्यापासून आवाज गेला. डॉक्टर म्हणतात, घशाला काही झालेलं नाही.’’

कानसेन खिडकीपाशी लाकडी खुर्चीत बसला होता. दाढी केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मांडीवर पाना. खुर्चीच्या उजव्या हाताचं पॉलिश एका जागी उडालं होतं आणि तिथे खळगा पडला होता.

‘‘हे काय?’’

‘‘ठोकतात,’’ ती म्हणाली. ‘‘रोज सकाळी टक लावून बसतात, कोणी हाक मारायची वाट बघावी तसे. मधूनच एकदा ठोकतात. मी म्हणते, बाबा, कोणाला उत्तर देताय? आजही ठोकलं, दोनदा. मध्ये बराच वेळ गेला.’’ ती थांबली. ‘‘त्यानंतर मात्र पाना उचलला नाही. घासही घेतला नाही. हात बघा.’’

फिटरने हात हातात घेतला. तो ओल्या कागदासारखा सपाट आणि जड होता. आणि गरम.

‘‘काका,’’ तो म्हणाला. ‘‘मी आलोय.’’

कानसेनचे डोळे उघडे होते. फिटरने खाली वाकून फरशीवर बोटाने दोनदा टकटक केलं. बराच वेळ वाट पाहिली.

उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून तो डब्याची वाट पाहत होता, तेव्हा कारखान्याचा निरोप फोनवर आला. कालच्या अंगठ्यावरून यंत्रणा शिकली होती. अशा ठोक्यांकडे कधी दुर्लक्ष करायचं ते आता तिला कळत होतं. खात्री करायला माणूस लागणार नव्हता. दोन्ही जागा बंद. सहकार्याबद्दल आभार.

बायकोने निरोप वाचला आणि चहा पुढे ठेवला. ‘‘आधी तो घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘बाकीचं मग बघू. हातात कला आहे, उपाशी नाही मरणार.’’

त्याने मान हलवली. साखर ढवळली. मग चमचा हवेतच थांबला. तो कान देऊन बसला.

‘‘काय झालं?’’

त्याने चमचा कपाच्या कडेवर टेकवला. एकदाच.

‘‘अहो, कोणाला उत्तर देताय?’’

त्याने सांगण्यासाठी तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही.

फोन वाजला. मेहुणा होता. फिटरने फोन कानाला लावला, पण घशातून नुसती हवा येत होती. बायकोने फोन काढून घेतला.

‘‘ताई, दाजी कुठे आहेत?’’

‘‘इथेच. समोर बसलेत. का रे?’’

‘‘घरीच ना? नक्की?’’

‘‘नक्की म्हणजे? चहा घेतायत.’’

‘‘सुटलो बाई.’’ मेहुण्याने मोठा श्वास सोडला. ‘‘अगं, रात्री बंद ठेवलेलं मशीन आज सुटायच्या आधी मीच दोनदा ठोकलं. म्हटलं, दाजी नाहीत तर आपण तरी विचारावं. तर आतून उत्तर आलं. माझ्या कानांनी ऐकलं. किणकिणल्यासारखं. कपाला चमचा लागावा तसं.’’

तिने कपाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. तो खुर्चीला घट्ट धरून नाही, नाही अशी मान हलवत होता.

‘‘बंद कर ते,’’ ती म्हणाली. ‘‘ऐकतोयस का? मशीन बंद ठेव.’’

‘‘माझ्या हातात कुठे आहे आता, ताई? ते आपलं आपणच...’’

त्याचं पुढचं बोलणं ऐकू आलं नाही. फोनमध्ये भोंगा वाजायला लागला होता.