शून्याने भागणारं यंत्र

पेणजवळच्या मिठागरावर जत्रेमुळे त्या दिवशी एकही माणूस कामाला नव्हता. तरीही कुलूपबंद कचेरीत काहीतरी एकसारखं खडखडत होतं!

राखणदार काळुराम भर दुपारी घामाने निथळत बांधावर बसला होता. आवाज ऐकून तो जत्रेत धावला होता, पण मिठागराचे मालक हैबतराव त्यालाच हसले. भुताला भिणारा राखणदार आपल्याला नको, उद्या किल्ली परत कर, असं त्यांनी चारचौघांत बजावलं.

काळुरामाची मुलगी सरू कचेरीच्या दाराशी उभी होती. सुट्टीला रोह्याहून आलेला तिचा आतेभाऊ कमळाकर सकाळपासून शूरपणाच्या बढाया मारत होता. आता तो तिच्या पाठीमागे लपला होता.

"सरू, जळका वास येतोय," तो पुटपुटला.

आत तर छतापर्यंत रिकाम्या गोणी रचलेल्या! सरूने बांधावर धावत जाऊन बाबांच्या हातातली किल्ली घेतली आणि परत येऊन कुलूप काढलं.

आत कोणीच नव्हतं. टेबलावरच्या हिशेबाच्या यंत्रातली आकड्यांची चाकं आपोआप गरागरा फिरत होती. त्यातून धूर निघत होता. भिंतीवरच्या बटणाकडे जायचं तर यंत्राला खेटूनच जावं लागणार होतं. ती भिंतीला चिकटून सरकत गेली आणि तिने बटण दाबलं.

खट्! सगळं शांत झालं. त्या शांततेचीच दोघांना जास्त भीती वाटली.

कमळाकर हळूच पुढे झाला. हे यंत्र पुन्हापुन्हा वजाबाकी करून भागाकार करतं, हे कारकून दत्तात्रेयांनीच मुलांना दाखवलं होतं. भाजकाच्या जागी सगळी शून्यं होती.

"शून्य कितीही वेळा वजा केलं तरी काय संपणार?" तो म्हणाला.

बातमी कळताच जत्रेतून हैबतराव आणि दत्तात्रेय आले. यंत्र पाहून दत्तात्रेय खजील झाले. रोज माणशी किती मीठ निघालं ते काढायची त्यांना सवय. आज माणसंच नव्हती, तरी सकाळी येऊन त्यांनी सवयीने भागाकार लावला. यंत्र थांबेना, तेवढ्यात वीज गेली. यंत्र बंद पडलेलं पाहून दत्तात्रेय कुलूप लावून जत्रेला गेले. वीज परत आली आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

हैबतरावांनी यंत्राजवळची काळवंडलेली गोणी पाहिली. त्यांनी किल्ली काळुरामाच्या हातात ठेवली आणि आपलं चुकल्याचं सगळ्यांसमोर कबूल केलं.

"पोरी, तुला भीती नाय वाटली?" त्यांनी विचारलं.

सरूने बाबांकडे पाहिलं. "वाटली. अजून वाटते हाय," ती म्हणाली, "पण किल्ली बाबांची व्हती ना."