दोन नंबरच्या मशीनचं कुलूप

लाईट येईल तेव्हा येईल. मोबाईल खाली ठेवा. चार्जिंग संपलं की तसेही ठेवणारच आहात. तुम्हाला वाटतं, वीज कुठेतरी टाकीत भरून ठेवलेली असते. तसं नसतं, बाबांनो. तुम्ही बटण दाबता, त्याच क्षणी कुठेतरी कुणीतरी जागं राहून ती तयार करत असतं. माझे साडू असेच जागायचे. ही त्यांची गोष्ट, आणि त्यांनी मला ती एकदाच सांगितली.

साडू धरणाखालच्या लहानशा वीजकेंद्रात रात्रपाळीला होते. वर अडवलेलं पाणी मोठ्या पाइपातून खाली सोडायचं, त्या जोरावर मशीन फिरतं, आणि मशीन फिरलं की वीज. पाणी सोडायला व्हॉल्व, व्हॉल्वला छातीएवढं चाक. त्या चाकाचा एकच कायदा होता. दुरुस्तीसाठी जो मशीनच्या पोटात शिरेल, त्याने चाकाला साखळी घालून स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली गळ्यात. तो बाहेर येऊन स्वतः काढेपर्यंत त्या कुलपाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग साहेब का असेना.

या गोष्टीतल्या रात्रीच्या सहा वर्षं आधी एकाने लावला होता. वरून फोनवर फोन येत होते, आणि मिस्त्रीचं कुलूप चाकावर तसंच. विसरून घरी गेला असेल, असं धरून त्याने कटरने कडी तोडली. मिस्त्री घरी गेला नव्हता. तो सापडला तेव्हा त्याच्या गळ्यात किल्लीसुद्धा राहिली नव्हती. तोडणारा कोण म्हणता? आमचे साडूच. तेव्हापासून त्यांना झोप म्हणून नव्हती, म्हणूनच रात्रपाळी मागून घ्यायचे.

तर ती रात्र. एकोणीस नोव्हेंबर, दोन वाजून दहा मिनिटं. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती, चांगलं टिपूर चांदणं होतं. फोन वाजला. कोळशावरचं एक मोठं केंद्र बंद पडलं होतं. ते पुन्हा पेटवून वाफ धरायला कित्येक तास जातात. पवनचक्क्यांना वारा नव्हता, आणि सूर्य तर रात्रीचा कुणाचाच नसतो. दहा मिनिटांत हाताशी येतं ते पाणीच.

"दोन नंबर सुरू करा," पलीकडचे साहेब म्हणाले. "लगेच. नाहीतर अख्खं शहर काळोखात जाईल."

साडूंनी वही पाहिली. दोन नंबरची दुरुस्ती संध्याकाळीच संपली होती. झाकण बंद, माणसं बाहेर, खाली सही त्यांच्या धाकट्या भावाची. भाऊ तिथेच फिटर होता. सगळं ठीक होतं. साडूंनी बॅटरी घेतली आणि जिना उतरले.

चाकाला कुलूप होतं.

पितळी. एका कोपऱ्यात चेपलेलं. मधोमध पांढऱ्या रंगाचा ठिपका. मिस्त्रीचं. त्यांनीच तोडलेलं. आणि कडी अखंड.

हा मला न्यायला आलाय, एवढंच मनात, म्हणाले. वर फोन वाजायला लागला. भिंतीवर कटर टांगलेला होता, तोच तो. त्यांनी काढला. कडीला लावला.

कुलपातून पाणी गळत होतं. थेंब... थेंब...

मग मशीनच्या पोटातून आवाज आला.

टक.

...

टक. टक.

"मिस्त्री..."

फोन थांबला. पुन्हा सुरू झाला.

कटर नुसता दाबायचा होता. त्यांनी तो खाली टाकला. भूत तर भूत, म्हणाले, पण या वेळी आत बघितल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. मशीनला वळसा घालून झाकणाशी गेले.

झाकण उघडं होतं.

आत बॅटरी मारली. खाली धाकटा भाऊ. पाय मोडलेला, ओठ निळे, हातात पाना. तो पाना संध्याकाळी आत राहिला होता. ओरडा बसेल म्हणून हा कुणाला न सांगता मागच्या दाराने परत आला, आणि दोन मिनिटांचं काम म्हणून स्वतःचं कुलूप लावलं नाही. आत पाय घसरून पडला, आणि नऊ वाजल्यापासून ठोकत होता. शेजारच्या मशीनच्या घरघरीत वर कुणाला ऐकू जाणार?

साडूंनी त्याला ओढून बाहेर काढलं आणि छातीशी धरून लहान मुलासारखे रडले. शहर पाऊण तास काळोखात राहिलं. राहू दे.

"दादा," भाऊ म्हणाला, "आत माझ्याबरोबर कोण होतं?"

"कुणी नाही."

"होतं. हात धरून बसलं होतं. बोललं काही नाही. जाताना फक्त..."

त्याने मूठ उघडली. किल्ली. पितळी, ओली.

साडूंनी चाकाकडे बॅटरी फिरवली. साखळी नाही. कुलूप नाही. खाली नुसता कटर.

जाण्यापूर्वी ती किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली. अकरा वर्षं ती आमच्या गॅसच्या वरच्या खिळ्याला आहे, रोज दोन वेळा धग लागते. ही घ्या. द्या एकमेकांच्या हातात.

...

असू दे. हात पुसायला फडकं त्या खुर्चीवर आहे.